जुनं रॉक पोस्टर घेताय? या चुका टाळा

सगळ्यात महागडी चूक म्हणजे चित्र ओळखीचं दिसलं की अस्सल समजणं. मीही हेच केलं. सांगाडा आणि गुलाबांचं ते पोस्टर, ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडच्या सप्टेंबर 1966 च्या कार्यक्रमाचं. कागद पिवळट, कोपरे दुमडलेले; आणखी काय हवं? घरी येऊन अक्षरांच्या कडेवर भिंग धरलं, तर तिथे बारीक ठिपके. मूळ छपाईत अशी अक्षरं सलग शाईत, स्वच्छ कडेची येतात. छापलेल्या पोस्टरचा फोटो काढून पुन्हा छापलं की अक्षरांतही ठिपके उतरतात. (पोस्टरमध्ये मुळातच छायाचित्र असेल तर तेवढ्या भागात ठिपके असणारच, तिथे घाबरू नका.) शिवाय सॅन फ्रान्सिस्कोतल्या ज्या सभागृहांत असे कार्यक्रम व्हायचे, त्या फिलमोर आणि अ‍ॅव्हलॉनची कित्येक पोस्टरं मागणी वाढल्यावर साठच्या दशकातच पुन्हा छापली गेली. म्हणजे जुनं असलं तरी ते पहिल्या छपाईचं असेलच असं नाही. अनुक्रमांक, कागद, माप, सगळं त्या विशिष्ट पोस्टरच्या नोंदींशी ताडून बघा. आणि हो, तो सांगाडा हे पोस्टर करणाऱ्या माउस आणि केली यांनी उमर खय्यामच्या रुबायत या काव्यासाठी एडमंड सलिव्हनने काढलेल्या चित्रांतून उचललेला आहे. त्यामुळे जुन्या पुस्तकातला सांगाडा दाखवून कोणी 'हीच मूळ प्रत' म्हणालं, तर हसून पुढे जा.

दुसरी चूक: या पोस्टरांवरची अक्षरं बघून 'वाचताच येत नाही, डिझाइन फसलंय' असं म्हणणं. त्याच काळातल्या पोस्टरकार वेस विल्सनने व्हिएन्नाचा चित्रकार आल्फ्रेड रोलर याची अक्षरं घेऊन ती ज्वाळेसारखी वितळवली, ती तुम्ही थांबून बघावीत म्हणूनच. दुसरा पोस्टरकार व्हिक्टर मोस्कोसो येल विद्यापीठात चित्रकार जोसेफ आल्बर्सकडे रंग शिकला, आणि तिथले धडे त्याने उलटे वापरले: शेजारी-शेजारी असे रंग, की कड थरथरते. मोबाइलच्या फोटोत ही थरथर बऱ्याचदा मरते, म्हणून रंग फोटोवरून ठरवू नका.

फ्रेमिंगचं थोडक्यात: लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, ऊन नको, माउंट (आधाराचा कागद-पुठ्ठा) अ‍ॅसिड-फ्री घ्या. फ्रेमवाल्याने विचारलं होतं, "मागे पुठ्ठा चिकटवून देऊ का, सुरकुती पडणार नाही?" मी हो म्हणालो. आता ते कधीच सुटणार नाही. नशीब, प्रत दुय्यम होती.