नेपाळमधल्या लमजुंग जिल्ह्यातल्या गावात राहायला जाणाऱ्या पोरांसाठी

दरवर्षी सुट्टी लागायच्या आधी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, नेपाळच्या गावात राहून काम करायचंय, काय लागतं?" म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

आधी तारखा बघा. दिवाळीच्या सुट्टीत शाळेत शिकवायचा बेत असेल तर तो सोडा. दसैं आणि तिहारला, म्हणजे तिथल्या दसरा-दिवाळीला, तिथल्या शाळाही बंद असतात. मे बरा. जूनच्या मध्यापासून डोंगर ढासळायला लागतो. तिकडे जायच्या वाटेवरचा नारायणगड ते मुग्लिन हा रस्ता त्रिशूली नदीच्या काठाने जातो, आणि जुलै २०२४ मध्ये सिमलतालजवळ दरडीने दोन बस थेट नदीत लोटल्या. त्यामुळे परतीचं तिकीट काढताना हातात दोन दिवस जादा ठेवाच.

भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्या, नुसत्या आधारच्या भरवशावर निघू नका. गोरखपूरपर्यंत रेल्वे, सुनौलीला सीमा ओलांडायची, मग भैरहवा, मुग्लिन, डुम्रे करत बेसीसहर, म्हणजे लमजुंगचं मुख्य ठिकाण. आपले १०० रुपये म्हणजे तिथले १६०. दुकानात भाव ऐकलात की "आयसी की एनसी?" एवढं विचारा, म्हणजे भारतीय की नेपाळी ते कळेल. गावात रोख लागते, तेव्हा शंभराच्या नोटा भरपूर ठेवा.

आता घरातलं, कारण खरी परीक्षा तिथे आहे. सकाळी फक्त चहा मिळेल. पोह्यांची वाट बघू नका. नऊच्या सुमाराला भरपेट डाळ-भात, मग दहाला शाळा. संध्याकाळी पुन्हा डाळ-भात. घरची आमा (आई) डावाने भात वाढत राहते, आणि तुम्ही लाजत "नको नको" म्हणालात तर तो आग्रहाला होकार समजला जातो. ताटावर आडवा हात धरून "पुग्यो" (पुरे) म्हणा. कधी ढिंडो, म्हणजे पीठ शिजवून केलेला घट्ट गोळा, येईल. तो कोदोचा, म्हणजे आपल्या नाचणीचा असला तर कोकणातल्या पोरांना परका वाटणार नाही. आंबवून वाळवलेल्या पाल्याचं गुन्द्रुकही खाऊन बघा, नाक मुरडू नका. उष्ट्याचा विटाळ आपल्या आजीपेक्षा कडक: स्वतःच्या ताटातलं कुणाला देऊ नका, बाटली तोंडाला लावून दुसऱ्याच्या हातात देऊ नका, चुलीजवळ विचारल्याशिवाय जाऊ नका. मोठ्यांना दाइ (दादा), दिदी (ताई), आमा, बुबा (बाबा) म्हणायचं. नावाने हाक मारायची नाही.

कामाबद्दल माझं मत थोडं तिखट आहे. भिंत बांधायला जाऊ नका. गावात गवंडी आहेत, तुम्ही रचलेल्या विटा तेच नंतर सरळ करतात. शाळेत शिकवायचं असेल तर जायच्या आधीच हेडसरांना विचारा, कुठल्या वर्गाला काय हवंय. लिपी देवनागरीच, त्यामुळे लहान मुलांना पुस्तक वाचून दाखवणं तुम्हाला सहज जमेल. उच्चार मुलं सुधारतील आणि खूश होतील. शिक्षकाला बाजूला बसवून वर्ग ताब्यात घेऊ नका. सुट्टी शनिवारी असते. त्या दिवशी घरच्यांबरोबर गवत आणायला जा. डोको, म्हणजे बांबूची टोपली, पाठीवर घेऊन नाम्लोचा पट्टा कपाळावर ओढला की अर्ध्या चढावर मान बोलायला लागते.

अनाथाश्रमात मात्र पैसे भरून "सेवा" करायला अजिबात जाऊ नका. नेपाळमध्ये अशा बऱ्याच ठिकाणी आईबाप असलेली मुलं आणून ठेवली जातात, तीही पाहुण्यांच्या पैशासाठी. बाहेरची माणसं येत राहिली की हा धंदा चालू राहतो.

मुलांना चॉकलेटं, पेनं वाटत फिरू नका. द्यायचं असेल ते शाळेच्या ऑफिसात द्या. राहण्या-खाण्याचे पैसे मात्र ठरल्याप्रमाणे चोख द्यायचे, घरची माणसं "राहू दे" म्हणाली तरी.