अण्णांच्या गोळ्यांचं पान

अण्णांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवून आठ महिने झाले. हृदयाचे डॉक्टर साताऱ्याला, तीन महिन्यांतून एकदा. बाकी सगळी भिस्त गावातल्या डॉक्टरांवर आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलवर.

आधी वहीच्या पानावर गोळीतल्या औषधाचं नाव लिहा, कंपनीचं नव्हे: ॲस्पिरिन ७५, क्लोपिडोग्रेल ७५, अटोरवास्टॅटिन ४०, मेटोप्रोलॉल २५. हे आम्ही ठेच लागून शिकलो. एकदा दुकानात नेहमीची कंपनी नव्हती, दुसरी दिली. अण्णा आठवडाभर जुनी पांढरी आणि नवी गुलाबी दोन्ही घेत होते. औषध एकच! चक्कर यायला लागली, नाडी पन्नासच्या खाली गेली, तेव्हा उलगडा झाला.

आता नवी स्ट्रिप पानाशी ताडल्याशिवाय डब्यात जात नाही. सुट्या गोळ्या घेताना नाव आणि एक्स्पायरी असलेला तुकडाच मागा. पाच दिवसांच्या उरल्या की दुकान गाठा. जनऔषधी केंद्रात हीच औषधं बरीच स्वस्त पडतात. तिथेही मिलिग्रॅम बघा.

दात काढायचा असो की गुडघा दुखो, हेच पान दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी (ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल) हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. अंगदुखीवर डायक्लोफिनॅक परस्पर मागून घेऊ नका, हृदयरोग्याला ते घातक ठरू शकतं.

डॉक्टरांनी दिलेली सॉर्बिट्रेट अण्णांच्या सदऱ्याच्या खिशातच असते. छातीत दुखलं की खाली बसून जिभेखाली. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८.