सर्व्हायव्हल गेम मुलांना द्यावा का, हे कसं ठरवावं

पायरी १ : कोणता गेम, ते नेमकं विचारा

"सर्व्हायव्हल गेम हवाय" असं मूल म्हणालं, की आधी त्याचं पूर्ण नाव विचारून घ्या. बीजीएमआय, फ्री फायर यांनाही मुलं याच नावाने ओळखतात, पण त्यात एक मॅच अर्ध्या तासात आटोपते आणि पुढची नव्याने सुरू होते. इथे प्रश्न आहे तो ओसाड जागी रिकाम्या हाताने सुरुवात करायच्या गेमचा: भूक सांभाळा, लाकूड-दगड गोळा करा, अवजारं बनवा, रात्र पडायच्या आत आडोसा उभारा. माइनक्राफ्ट याच जातीचा आणि द फॉरेस्टही. पहिल्यात चौकोनी मेंढ्या आहेत, तर दुसऱ्यात विमान कोसळल्यावर नरभक्षकांशी गाठ पडते आणि तोडलेले हातपाय पडद्यावर दिसतात. त्यामुळे नुसत्या 'सर्व्हायव्हल' या शब्दावरून होकार किंवा नकार देऊ नका.

पायरी २ : वयाचा शिक्का बघा, पण तेवढ्यावर थांबू नका

प्ले स्टोअरवर गेमच्या पानावर ७+, १२+, १६+ असा आकडा असतो. पीसी आणि कन्सोलच्या गेमसाठी युरोपातल्या पेगी आणि अमेरिकेतल्या ईएसआरबी या संस्थांचे शिक्के शोधा. दोघींचं नेहमी जुळतंच असं नाही. माइनक्राफ्टला पेगी ७+ देते, ईएसआरबी १०+. मारामारी, रक्त, शिव्या, नग्नता यांसाठी हे शिक्के उपयोगी पडतात. गेम किती अवघड आहे हे मात्र ते सांगत नाहीत. शिवाय ऑनलाइन भेटणारी माणसं काय बोलतील याची हमी देत नसल्याचं ईएसआरबी स्वतःच लिहिते.

भीतीचंही तसंच. समुद्राखाली तगून राहायच्या सबनॉटिका या गेममध्ये माणसं मारायच्या बंदुका नाहीत, ईएसआरबीचा शिक्का १०+ आहे. तरी काळ्याकुट्ट खोल पाण्यात प्राणवायू संपत आलाय आणि मागून एखादं अजस्र जनावर येतंय, हे काही मोठ्यांनाही झेपत नाही.

पायरी ३ : मधला भाग बघा

ट्रेलर बघू नका, तो विकण्यासाठी केलेला असतो. यूट्यूबवर गेमच्या नावापुढे 'नो कॉमेंटरी' लिहून शोधा आणि व्हिडिओ मधूनच सुरू करा. रात्र, गुहा, शिकार आणि खेळाडूचं मरण, एवढं बघितलं की पुरतं.

पायरी ४ : मेल्यावर काय जातं?

या गेममध्ये मरण ठरलेलंच आहे, फरक नुकसानीत असतो. माइनक्राफ्टच्या साध्या सर्व्हायव्हलमध्ये मेलात की जवळचं सामान तिथेच सांडतं. परत जाऊन ते उचलायला साधारण ५ मिनिटं मिळतात, घर मात्र शाबूत राहतं. डोन्ट स्टार्व्ह या गेमच्या नेहमीच्या पद्धतीत, पुन्हा जिवंत होण्याची सोय करून ठेवली नसेल, तर सगळं जगच संपतं. कॅरम हरल्यावर सोंगट्या उधळणाऱ्या मुलाला दुसरा गेम इतक्यात नको, त्याचं वय शिक्क्यात बसत असलं तरी.

पायरी ५ : मूल झोपल्यावर ते जग थांबतं का?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तो फारसा कुणी विचारत नाही.

रस्ट या ऑनलाइन गेममध्ये खेळाडू बाहेर पडला तरी त्याचं पात्र सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांचं सामाईक जग चालवणाऱ्या संगणकावर, झोपलेलं राहतं. दुसरे येऊन त्याला मारू शकतात, भिंती फोडून सामान नेऊ शकतात. भरीला, सर्व्हरचा नकाशा दर महिन्याला पुसला जातो, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. रस्टला ईएसआरबीने १७ वर्षांवरचा शिक्का दिला आहे, त्यामुळे शाळकरी मुलासाठी तो तसाही बाद. आर्क या गेमचं प्रकरण जास्त फसवं आहे. डायनासोर पाळायचे म्हटल्यावर लहानांचा गेम वाटतो. पण ऑनलाइन सर्व्हरवर पिल्लू वाढवायला घड्याळातले खरे तास, कधी दिवस लागतात. सुरुवातीला त्याला हाताने भरवावं लागतं, नाहीतर ते मरतं. घरात तान्हं बाळ असल्यासारखंच. परीक्षेच्या आठवड्यात मूल रात्री दोनला उठून बसलं तर त्याला व्यसनी ठरवण्याआधी गेमची ही रचना बघा.

त्यावर उपाय आहे: आर्क एकट्याने खेळा. तिथे गेम बंद केला की जग थांबतं आणि पिल्लं वाढण्याचा वेग सेटिंगमधून वाढवता येतो.

पायरी ६ : आत कोण आहे?

एकट्याने, घरातल्यांबरोबर, की अनोळखी माणसांच्या सर्व्हरवर? बारा-तेराच्या आतल्या मुलांना तिसरा पर्याय मी देणार नाही. लेखी चॅट बंद करता येतो, काही गेममध्ये शब्दही गाळले जातात. पण आवाजी चॅटमध्ये कोण काय बोलेल याला धरबंध नसतो. दुकानही तपासा, माइनक्राफ्टमध्ये माइनकॉइन (गेममधली नाणी) खऱ्या पैशांनी घ्यावे लागतात, तेव्हा फोनवर खरेदीला पासवर्ड लावून ठेवा.

पायरी ७ : सेटिंग लावून द्या आणि शेजारी बसा

माइनक्राफ्टमध्ये 'पीसफुल' निवडलं की झॉम्बी-क्रीपर असे हल्ला करणारे राक्षस येत नाहीत, भूकही लागत नाही. सबनॉटिकाच्या 'फ्रीडम' मोडमध्ये भूक-तहान नसते, प्राणवायूची काळजी मात्र राहते. मुलाच्या नावाचं मायक्रोसॉफ्ट खातं काढलंत तर ऑनलाइन खेळ तिथूनच बंद ठेवता येतो.

पहिले दोन-तीन दिवस स्वतः खेळा किंवा निदान बघत बसा. मूल घर बांधण्यात रमतंय की सारखं मागे वळून बघतंय, ते लगेच कळतं. वेळ ठरवताना गेमच्याच घड्याळाचा उपयोग करा: माइनक्राफ्टमधला दिवस आणि रात्र मिळून २० मिनिटांची असते. "दोन दिवस खेळ, तिसऱ्या दिवशी उजाडलं की बंद" हे "चाळीस मिनिटं"पेक्षा मुलं लवकर मान्य करतात.

मित्राने 'मॉड' (गेममध्ये इतरांनी केलेले बदल) किंवा नवा सर्व्हर सुचवला की तिसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरू करा. मूळ गेमचा वयाचा शिक्का त्यांना लागू होत नाही.