विंडोज, मॅक, लिनक्स: तिन्हीवर फोटोचं काम करताना मी काय शिकलो

फोटोग्राफी शिकायला लागलो तेव्हा जो तो कॅमेरा कुठला, लेन्स कुठली एवढंच बोलायचा, फोटो काढल्यावर फाइल्सचं काय करायचं ते कुणी सांगितलंच नाही. माझ्याकडे ऑफिसात विंडोज, घरी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आणि ज्या मित्राबरोबर एडिटिंग करायचो त्याच्याकडे मॅक. म्हणजे एकाच शूटचे फोटो तीन ठिकाणी फिरायचे. नवीन सुरुवात करणाऱ्यांनी सॉफ्टवेअर निवडायच्या आधी हे वाचावं म्हणून लिहितोय.

आधी माझं काय झालं ते सांगतो. एका कार्यक्रमाचे फोटो रॉ (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) आणि जेपेग (नेहमीची छोटी फाइल) दोन्हीत काढले होते. कॅमेरा जेपेगच्या नावापुढे जेपीजी ही अक्षरं कॅपिटलमध्ये लावतो, आणि मी लिनक्सवर रॉ एडिट करून त्याच फोल्डरमध्ये एक्सपोर्ट केले त्यांना स्मॉल लागली. लिनक्सला कॅपिटल आणि स्मॉल ही दोन वेगळी नावं, त्यामुळे ४१२७ नंबरच्या फोटोचे दोन जेपेग शेजारी शेजारी नीट दिसत होते. ते फोल्डर एक्सटर्नल ड्राइव्हवर टाकलं आणि तिथे मात्र दोन्ही नावं एकच धरली जातात, कॉपी करताना रिप्लेस करू का विचारलं, मी घाईत सगळ्यांना हो म्हटलं आणि निम्मे जेपेग गेले. रॉ होत्या म्हणून निभावलं, पण परत एक्सपोर्ट करण्यात अख्खी रात्र गेली.

तेव्हापासून कार्डावरून उतरवतानाच नाव बदलतो. आधी वर्ष, मग महिना, तारीख, वेळ आणि शेवटी कॅमेऱ्याचा नंबर, सगळं स्मॉलमध्ये, स्पेस नाही, फक्त आकडे, अक्षरं आणि अंडरस्कोर. कोलन, प्रश्नचिन्ह, तारा (*) असली चिन्हं लिनक्सवर नावात चालतात पण विंडोजवर चालत नाहीत, म्हणून वेळ लिहितानाही कोलन टाकायचा नाही. कॅमेऱ्याचा स्वतःचा नंबर ९९९९ नंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, त्यामुळे नुसत्या नंबरवर विसंबलात तर कधी ना कधी दोन फोटो एकाच नावाचे निघणारच. नावं बदलायचं हे काम एक्झिफटूल नावाचा प्रोग्रॅम फुकटात करतो आणि तिन्ही सिस्टिमवर तेच कमांड, म्हणजे टाइप करून दिलेली सूचना, चालतं (कोट्स तेवढे विंडोजवर वेगळे द्यावे लागतात), कमांड बघून घाबरू नका, एकदा लिहून ठेवलं की झालं. दोन कॅमेरे असतील तर शूटच्या आधी दोन्हींची घड्याळं जुळवा, नाहीतर तारखेप्रमाणे लावलेला क्रम सगळा विस्कटतो.

ड्राइव्हचं म्हणाल तर ती कुठल्या पद्धतीने फॉरमॅट केलीय ते बघा. एनटीएफएस (विंडोजची नेहमीची पद्धत) असेल तर मॅक फोटो वाचतो पण त्याच्यावर लिहू देत नाही. फॅट३२ या जुन्या पद्धतीवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणजे व्हिडिओ असेल तर अडलंच. म्हणून ने-आण करायच्या ड्राइव्हला एक्सफॅट, ही पद्धत तिन्ही सिस्टिमवर चालते. लिनक्सच्या कर्नलमध्येही (सिस्टिमच्या गाभ्यात) २०१९ पासून, म्हणजे ५.४ पासून त्याचा सपोर्ट आलाय. पण एक्सफॅटला जर्नल (काय बदल होतायत याची नोंद) नसतं, म्हणजे लिहिता लिहिता केबल निघाली तर सावरायला काही नाही, त्यामुळे इजेक्ट केल्याशिवाय ड्राइव्ह काढायची नाही म्हणजे नाही. आणि मॅकवरून आलेल्या ड्राइव्हवर डॉट आणि अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या छोट्या छोट्या फाइल्स दिसतील, त्या फोटो नाहीत, त्या उघडत नाहीत म्हणून फोटो करप्ट झाले असं समजू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रेटिंग, कीवर्ड, कॅप्शन ही तुमची मेहनत असते, आणि ती सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगमध्येच (त्याच्या स्वतःच्या नोंदवहीत) राहिली तर सॉफ्टवेअर बदललं की संपलं. फोटो एडिट करायचं लाइटरूम विंडोजवर आणि मॅकवर आहे, लिनक्सवर नाही. डार्कटेबल, रॉथेरपी, डिजिकॅम ही सॉफ्टवेअर तिन्हीवर चालतात. यातलं काहीही वापरा पण माहिती फोटोशेजारी एक्सएमपी नावाच्या छोट्या वेगळ्या फाइलमध्ये लिहायला लावा. डार्कटेबल ती आपणहून लिहितो, लाइटरूम क्लासिकमध्ये सेटिंगमधून चालू करावं लागतं. एक गोष्ट आधीच समजून घ्या, स्टार आणि कीवर्ड इकडून तिकडे जातात, पण एक्सपोजर, रंग, कर्व्ह (उजेड-सावलीचा तोल) यांचं एडिटिंग दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जसंच्या तसं दिसेल ही आशा सोडा, कारण प्रत्येकाचं गणित वेगळं. म्हणून मी निवड कुठल्याही मशीनवर करतो पण एडिटिंग एका शूटचं एकाच सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण करतो, आणि फायनल झालेल्या फोटोची १६ बिट टिफ (रंगांचे बारकावे राखणारी मोठी फाइल) काढून ठेवतो, ती सगळीकडे उघडते.

रंगांसाठी प्रत्येक स्क्रीन वेगळी कॅलिब्रेट करा, म्हणजे ती रंग बरोबर दाखवेल अशी जुळवा, एका मशीनचं प्रोफाइल (तिथल्या स्क्रीनच्या रंगांची नोंद) दुसऱ्याला लावून उपयोग नाही. वेबसाठी एसआरजीबी हे नेहमीचं कलर प्रोफाइल वापरा, आणि एक्सपोर्ट करताना ते फाइलमध्ये एम्बेड झालंय, म्हणजे आत जोडलं गेलंय ना ते बघा.

बॅकअपला तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या ठिकाणी, त्यातली एक घराबाहेर. कॉपी झाल्यावर चेकसम (फाइलवरून काढलेला तपासणीचा आकडा) जुळवून बघतो, हजार फोटोंना काही मिनिटं लागतात. मग दुसऱ्या सिस्टिमवर ड्राइव्ह लावून सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे असे चारपाच फोटो पूर्ण झूम करून उघडतो, आणि ते उघडले की मगच कार्ड कॅमेऱ्यात घालून तिथेच फॉरमॅट करतो.