बोटीचा पेट्रोलचा काटा खोटं दाखवतोय? आधी हे तपासा

मागच्या सीझनला काटा अर्धा दाखवत होता आणि आम्ही जेट्टीच्या अलीकडेच बंद पडलो, ओहोटी लागलेली, वल्हं एकच. तेव्हापासून मी काट्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही, आणि तो बिघडला तर थेट नवीन मीटर आणायलाही धावत नाही, कारण बहुतेक वेळा मीटर चांगलाच असतो, खराब असते ती अर्थिंग नाहीतर टाकीतला सेंडर (पेट्रोलची पातळी मोजून मीटरला कळवणारा भाग). खाऱ्या हवेत वायरचं टोक गंजायला वेळ लागत नाही.

काम सुरू करण्याआधी सगळी झाकणं उघडून हवा खेळू द्या, वास येत असेल तर थांबा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बोटीच्या तळाशी साचते, तिथे एक ठिणगी पुरते. म्हणून टाकीजवळ वायरला वायर टेकवून बघायचं नाही, ती टेस्ट मीटरच्या मागेच करायची.

मीटरच्या मागे तीन टोकं असतात, आय म्हणजे चावीचा करंट, जी म्हणजे अर्थ, एस म्हणजे सेंडर. एसची वायर काढा, चावी ऑन करा, काटा रिकाम्यावर जायला हवा. मग एस आणि जी क्षणभर जोडा, काटा फुलवर जायला हवा. (हे अमेरिकन पद्धतीच्या मीटरचं, युरोपियनला बरोब्बर उलटं होतं.) दोन्ही झालं तर मीटर ठीक. काटा हललाच नाही तर आय आणि जीमध्ये १२ व्होल्ट येतायत का बघा, येत असूनही ढिम्म असेल तरच मीटर बदला.

आता चावी बंद, बॅटरीची वायरही काढा आणि मल्टीमीटर ओहमवर ठेवा. सेंडरच्या पत्र्यापासून बॅटरीच्या काढलेल्या निगेटिव्ह वायरपर्यंत १ ओहमच्या आत यायला हवं, जास्त आलं तर थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) काढून पॉलिश पेपरने घासा, नाहीतर नवीन लावा, माझं दुखणं इथेच निघालं होतं.

अर्थिंग बरोबर असेल तर सेंडरची वायर सोडवून त्याच्या मधल्या स्टड आणि पत्र्यामध्ये मोजा. अमेरिकन सेंडर रिकाम्या टाकीला २४० आणि भरलेल्याला ३३ ओहमच्या आसपास दाखवतो, युरोपियन रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८०. काहीच रीडिंग नाही म्हणजे आतून तुटलाय. रीडिंग आहे पण टाकीशी जुळत नाही तर पाच स्क्रू काढून बाहेर घ्या, पुसून बोटीपासून लांब न्या, फ्लोट (त्याचा पेट्रोलवर तरंगणारा भाग) कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो बुडतोय, म्हणून काटा कायम रिकामा. नवीन घेताना जुनाच सोबत न्या, लांबी आणि ओहम दोन्ही जुळलं पाहिजे, कारण अमेरिकन मीटरला युरोपियन सेंडर लावलात तर रिकामी टाकी फुल दाखवेल. गॅस्केट (सेंडरखालचं सील) नवीनच टाका.

एवढं करूनही अर्धा काटा म्हणजे अर्धं पेट्रोल नाही हं, कारण बोटीच्या तळाच्या आकारामुळे बऱ्याच टाक्या खाली निमुळत्या असतात, वरचा अर्धा सावकाश उतरतो आणि खालचा पटकन संपतो. बोट पाण्यात सरळ उभी असताना रिकाम्या टाकीत ५-५ लिटर ओता आणि दरवेळी काट्यापाशी टेपवर खूण करा. आमच्या काट्याच्या अर्ध्यावर आता “१५” लिहिलंय, टाकी आहे ४० लिटरची.