परसातल्या कोंबड्या मुंगूस, रानमांजर आणि मोकाट कुत्र्यांपासून कशा वाचवाव्यात

गावाकडे दहा-बारा कोंबड्या असल्या की खुराडंही असतंच. पण ते बहुधा कोंबड्या बाहेर जाऊ नयेत एवढ्याच बेताने बांधलेलं असतं. बाहेरचं कोणी आत शिरू नये, हा हिशेब निराळा. शिवाय कुत्र्यासाठी केलेला बंदोबस्त मुंगसाला अडवत नाही, आणि रात्री दार कितीही घट्ट लावा, मुंगूस येतं दिवसा. म्हणून कोंबडी गेली की लगेच जाळी आणायला बाजारात धावू नका. आधी परसात एक फेरी मारा. खालची उदाहरणं कोकणातली आहेत, पण जांभ्याच्या चिऱ्याऐवजी काळा दगड धरला तर देशावरही यात फारसा फरक पडत नाही.

१. आधी चोर कोण ते ठरवा

कुत्र्याचं काम लपत नाही. चार-पाच कोंबड्या इथे तिथे मरून पडलेल्या, पाठीची नि शेपटीची पिसं उपटलेली, पिसं लाळेने ओली आणि खाल्लेली मात्र एखादीच, नाहीतर एकही नाही. कुत्रं भुकेपेक्षा खेळापायी जास्त मारतं. कोंबडी फडफडली की त्याला चेव येतो. खुराड्याच्या कडेची उकरलेली माती आणि आत वाकलेली जाळी ही खूणही त्याचीच.

मुंगूस उन्हं वर आल्यावर, घरात माणसं असतानाही येतं. मानेला किंवा डोक्यामागे चावून कोंबडी मारतं आणि जमेल तेवढी झुडपात ओढतं. अंडं दगडाकडे पाठ करून मागच्या पायांमधून मागे फेकतं आणि फोडतं. त्यामुळे फुटकी कवचं गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, पायथ्याशी सापडली तर संशय त्याच्यावरच घ्यायचा.

सकाळी कौल सरकलेलं दिसलं आणि आतली कोंबडी कमी झाली, तर कांडेचोर, म्हणजे उदमांजर, छपरावरून उतरलं असणार. बाऊल म्हणजे रानमांजर अख्खी कोंबडी उचलून नेतं. पिसांचा पुंजका मग लांब एखाद्या काजूखाली मिळतो. कोल्हाही तसंच करतो, त्याची वेळ पहाटेची किंवा दिवेलागणीची.

खुडूक कोंबडीखालची अंडी कवचासकट नाहीशी झाली तर साप आला होता. पिल्लू मेलेलं आहे, अंगावर जखम नाही, पण डोकं-मानेची पिसं ओली होऊन चपटी बसली आहेत, असं असेल तर सापाने गिळायला घेऊन ते सोडून दिलं असावं. पिल्लं रात्री एकेक करून कमी होतात आणि जमिनीत भोक दिसतं तिथे घूस. दिवसाउजेडी उघड्यावरचं पिल्लू गेलं तर वर बघा: घार, शिक्रा, नाहीतर कावळा.

तरी उलगडा होत नसेल तर संध्याकाळी खुराड्याभोवती चुलीतली चाळलेली राख पसरा. कुत्र्याच्या आणि कोल्ह्याच्या पावलात नखं उमटतात, मांजराच्या पावलात नाहीत. मुंगसाच्या पावलाला पाच बोटं आणि लांब नखं असतात.

२. रात्रीचं खुराडं पक्कं करा

दहा गावठी कोंबड्यांना रात्री बसायला चार फूट बाय तीन फूट जागा पुरते. रात्रीचं घर लहान आणि भक्कम असावं, प्रशस्तपणा दिवसाच्या आवारात. सगळे पैसे मोठ्या आवारावर घालून रात्रीसाठी फळकुटांचा खोका ठेवणारे लोक मला कधी समजले नाहीत.

बाजारात चिकन जाळी म्हणून षटकोनी घरांची पातळ जाळी मिळते. ती कोंबडीला आत ठेवते, पण जोर लावणाऱ्या कुत्र्यापुढे टिकत नाही, आणि तिच्या भोकांतून लहान साप सहज जातो. रात्रीच्या खुराड्याला अर्ध्या इंचाच्या घरांची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड केलेली ताठ जाळी, लावा. महाग वाटेल, पण लागते थोडीच. ती लाकडाला नुसते खिळे वाकवून ठोकू नका. वरून लाकडी पट्टी दाबून स्क्रूने पक्की करा, नाहीतर कोपरा सुटतो आणि मग जाळी कितीही चांगली असून उपयोग नाही.

तळाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. चिऱ्यांचे दोन थर आणि आत कोबा असेल तर उत्तम. नसेल तर खोल चर खणत बसण्यापेक्षा सोपा उपाय आहे: जाळीचा दीड फूट रुंद पदर खुराड्याच्या भिंतीपासून बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरा, कडेला दगड ठेवा आणि वर माती ओढा. कुत्रं अगदी भिंतीला लागून उकरायला घेतं, नखांना जाळी लागते आणि दीड फूट मागे सरून खणावं हे त्याला सहसा सुचत नाही. पावसाळ्यात माती धुपते, तेव्हा पदर उघडा पडलाय का ते मधूनमधून बघत जा.

खुराडं खांबांवर तीन फूट उचललेलं असेल तर प्रत्येक खांबाला दीड फूट उंचीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळा. मात्र शेजारी लाकडांची मोळी किंवा कलती फळी राहिली तर घूस आणि मुंगूस पत्र्याचा विचारसुद्धा करणार नाहीत.

छपराला कौलं असतील तर त्यांच्याखाली वेल्डमेश हवीच. सिमेंटच्या किंवा लोखंडी पत्र्याच्या पन्हळी जिथे भिंतीवर टेकतात, तिथल्या फटीही बुजवा. एकंदर फटींसाठी माझा नियम साधा आहे: तुमचं बोट जातं तिथून उंदीर आणि साप जातो. दाराला दोरी गुंडाळून भागवू नका. कडी-कोयंडा लावा आणि कोयंड्यात खिळा किंवा चाप अडकवा.

बसायची काठी जाळीला चिकटून नको. झोपलेल्या कोंबडीला रात्री दिसत नाही. जाळी मोठ्या घरांची असली तर मांजर बाहेरून पंजा घालतं आणि पाय किंवा मान ओढतं. काठी भिंतीपासून निदान एक फूट आत घ्या.

एवढं सगळं करूनही दार लावायला विसरलं तर काय उपयोग? दार लावायचं काम घरातल्या एकाकडेच द्या. "तू लावलंस ना?" "मला वाटलं आई लावेल," यातच कोंबड्या जातात. दिवे लागायच्या सुमाराला मूठभर कणी खुराड्यातच टाका, म्हणजे झाडावर बसायची सवय लागलेल्या तलंगाही (तरण्या कोंबड्या) आत येतात. मोजून घ्या, मग कडी लावा. सकाळी कोंबडा आरवला म्हणून झुंजूमुंजूला दार उघडू नका. कोल्हा आणि कुत्री त्या वेळी फिरतीवर असतात. चांगलं उजाडू द्या.

३. दिवसाची राखण

इथे एक पेच आहे. मुंगसाला उघडी जागा ओलांडायला आवडत नाही, म्हणून खुराड्याभोवती दहा फुटांपर्यंतची झाडी तोडावी. पण घारीपासून लपायला कोंबड्यांना आडोसा लागतो. त्यावर उपाय म्हणून जुनी खाट किंवा चार विटांवर ठेवलेली रुंद फळी मधोमध मांडून ठेवावी. वरून सावली, चारी बाजूंनी उघडं. कोंबडी खाली शिरते, मुंगसाला दडून बसता येत नाही.

पिल्लं पहिले तीन-चार आठवडे आईसकट डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीखाली. वर दगड ठेवायला विसरू नका. पुढे त्यांच्यासाठी वेगळं आवार करायचं तर किनारपट्टीला मासेमारीचं जुनं जाळं स्वस्तात मिळतं, ते वरून ताणा. पण जमिनीपर्यंत लोंबतं सोडू नका. नायलॉनच्या जाळ्यात साप अडकतो, सुटायच्या धडपडीत आणखी गुरफटतो आणि जखमी होतो. मग जिवंत नाग सोडवायला सर्पमित्राला बोलवण्याची वेळ येते.

गावठी कोंबडी कुत्रं आलं की उडून गडग्यावर किंवा फांदीवर जाते. गिरिराज, वनराज या सुधारित जातींच्या कोंबड्या अंगाने जड, त्यांना ते जमत नाही. त्या पाळल्या असतील तर दिवसाही पाच फुटी कुंपण हवं. आणि शेजारच्या मिरच्या उकरतात म्हणून गावठी कोंबड्यांचे पंख कापू नका, पळायची एकमेव सोय जाते.

४. कुत्र्यांचं काय करायचं

गावातली निम्मी 'मोकाट' कुत्री कोणाची तरी असतात. "तुमच्या कुत्र्याने आमच्या कोंबड्या खाल्ल्या" असं म्हटलं की समोरचा आधी कुत्र्याची बाजू घेतो. "तात्या, मोती दोन दिवस पहाटेचा आमच्या परसात येतोय. रात्रीचा बांधाल का?" असं म्हटलं तर निदान बोलणं होतं. मोबाइलवर काढलेला फोटो जवळ असला तर उत्तम.

खरोखर बेवारस असलेल्या कुत्र्यांबाबत ग्रामपंचायतीत अर्ज करा. मात्र 2023 च्या नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना पुन्हा त्याच जागी सोडतात. कुत्री गावातच राहणार, हे धरूनच परसाचा बंदोबस्त करावा लागतो.

त्यांना चटक लावतो ते बऱ्याचदा आपणच. मेलेली कोंबडी गडग्यापलीकडे भिरकावणं, रविवारी साफ केलेल्या कोंबडीची आतडी आणि पिसं माडाच्या बुडाशी टाकणं बंद करा. दोन फूट खोल पुरा, वर दगड ठेवा.

कुंपण असूनही कुत्री येत असतील तर शेतीसाठी मिळतं ते झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेतून विजेचे क्षणिक झटके देणारं यंत्र, कामाला येतं. बाहेरून जमिनीपासून सहा ते आठ इंचांवर एक तार पुरते. अर्थिंग नीट करा आणि तारेला टेकणारं गवत कापत राहा. घरातल्या विजेची तार थेट कुंपणाला कधीही जोडू नका. त्याने माणसं मरतात, आणि तो गुन्हा आहे.

विष आणि फासेही नकोत. विष खाऊन मेलेला उंदीर तुमचीच कोंबडी टोचते. मुंगूस, रानमांजर, उदमांजर, साप यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. कुत्र्याला विष घालणंही गुन्हाच.

५. हल्ला झालाच तर

कुत्र्याच्या तोंडातून कोंबडी हाताने ओढू नका. बादलीभर पाणी अंगावर फेका किंवा मध्ये फळी घाला. तरी दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजची लस घ्या. मुंगूस चावलं तरी हेच.

वाचलेली कोंबडी अंधाऱ्या, शांत जागी डालग्याखाली एकटी ठेवा. इतर कोंबड्या रक्त दिसलं की टोचतात. पिसं बाजूला करून पाठ आणि पंखांखाली नीट बघा. दातांची भोकं बारीक असतात, वरून कळत नाहीत, आणि दोन दिवसांत त्यात किडे पडतात. उकळून गार केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून जखम धुवा, माश्या बसू देऊ नका. खोल जखम असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या.

ज्या जनावराला एकदा मिळालं ते बहुधा त्याच वाटेने परत येतं, पुष्कळदा त्याच रात्री. भोक बुजेपर्यंत उरलेल्या कोंबड्या पडवीत डालग्याखाली घ्या, मागचं दार लावा आणि डालग्यावर दगडाऐवजी जातं ठेवा.