गवत्याच्या बोटुकल्यांतले जंत: औषध मापून, तेही खाद्यातून

बडोद्याकडच्या तळ्यांत पाणी २५ अंशांच्या वर गेलं की गवत्या (ग्रास कार्प) आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) या माशांच्या बोटुकल्यांत, म्हणजे बोटाएवढ्या पिलांत, पट्टकृमी हा फितीसारखा चपटा जंत झपाट्याने वाढतो. पोट फुगलेलं, पाठ वाळलेली दिसली तरी लगेच औषध नको. दोन-तीन बोटुकल्या चिरून पाहा. आतड्याच्या पुढच्या भागात पांढऱ्या फिती सापडल्या तरच पुढे जा.

प्राझिक्वांटेल हे जंतांवरचं औषध द्यायचं, माशांच्या दर किलो वजनाला ५० मिलिग्रॅम, एकदाच. २० ग्रॅमच्या १,००० बोटुकल्या म्हणजे २० किलो, म्हणून शुद्ध औषध १ ग्रॅम. ते दोन चमचे गोडेतेलात कालवून २०० ग्रॅम खाद्याला चोळा, सावलीत सुकवा. औषध फार कडू असतं; तेलाचा थर नीट बसला नाही तर मासे घास थुंकतात. आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवा. एकाच कोपऱ्यात टाकलं तर दांडगे मासे सगळं फस्त करतात आणि ज्यांना खरी गरज, ते अशक्त मासे तसेच राहतात. चारही काठांवर पसरून टाका.

जंताची अंडी या औषधानं मरत नाहीत. सायक्लॉप्स या पाण्यातल्या बारीक जिवाच्या पोटातून जंत परत येतोच, म्हणून हंगाम संपल्यावर तळं पूर्ण सुकवून चुना मारा. विक्रीजोग्या माशांना मात्र पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय हे देऊ नका.